तिसऱ्या अंकानंतर

४ जानेवारी

आई, नमस्कार.

काल फोनवर मी एक बातमी सांगत होते आणि तुम्ही "बरं, जेवून घ्या मग" म्हणून फोन ठेवून दिलात. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिलीत आणि आता स्वतःच्या सुनेचं बोलणं काही जुळत नाही. म्हणून कागद घेतला. आपलं पूर्वीचंच बरं.

बातमी अशी, की ते जुनं संगीत नाटक आमची मंडळी पुन्हा उभं करताहेत. नावाड्याचं. तुमच्या तरुणपणी पाहिलंत म्हणता ना, तेच. नावाडी तुमचे चिरंजीव आणि नावाड्याची बायको मी.

दिग्दर्शकबाईंनी पदं बरीच कमी केलीत, पण गोष्टीला हात लावलेला नाही. पहिल्या अंकात दोघांचं लग्न. दुसऱ्यात पूर येतो, नाव वाहून जाते, दोघं दगड फोडायच्या कामाला लागतात आणि एका चादरीत हिवाळा काढतात. शेवटी तो पोटासाठी परमुलखात जातो. तिसऱ्यात बऱ्याच वर्षांनी परत येतो, तेव्हा हालअपेष्टांनी दोघं इतकी बदललेली असतात, की एकमेकांना ओळखत नाहीत. मग तो लग्नातलं पद सहज गुणगुणतो, ती पुढची ओळ म्हणते आणि पडदा. पहिल्या वाचनाला आमचा पेटीवाला, चांगला पन्नाशीचा गडी, नाक शिंकरायचं निमित्त करून बाहेर गेला.

मला दुसरा अंक सोपा जातोय. तिसरा जमत नाही. बाई म्हणतात, "तुझी ओळ बरोबर येते गं, ओळख येत नाही." बघू.

गुडघ्याला लावायचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची
टिटवी


१५ जानेवारी

टिटवे,

पत्र मिळालं. एकदा माझं मी वाचलं आणि एकदा शेजारच्या नर्सबाईकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मला ऐकू यावं म्हणून नव्हे, जिन्यावरच्या लोकांना ऐकू जावं म्हणून.

ते नाटक मी पाहिलं तेव्हा शेजारी तुझे सासरे होते. दुसऱ्या अंकात नावाड्याची बायको हाताला फडकं बांधून दगड फोडायला निघते, सगळं थिएटर हुंदके देतंय, आणि हे घोरताहेत. मी कोपराने ढोसलं तर म्हणाले, "आली का नाव?" तरी आमचा संसार झालाच की नाही? नाटकावरून संसाराचं माप काढू नये, एवढं मी तेव्हाच शिकले.

तू पहाटे रियाझाला बसलीस की मी म्हणायचे, आली टिटवी. छापखान्यावरच्या त्या एका खोलीत तुम्ही दोघं, मी, तुझा तंबोरा आणि खाली धडधडणारं मशीन. आता नायिका झालीस म्हणून नाव बदलणार नाही.

आता मुद्द्याचं. पत्राच्या तळाशी त्याच्या दोन ओळी नाहीत. तू लिहितेस आणि उरलेल्या कोपऱ्यात तो वाकडंतिकडं खरडतो, "आई, मी बरा आहे, ही माझे हाल करते." या खेपेला कोपरा कोरा. मागच्या खेपेलाही कोराच होता, मी बोलले नाही. त्याच्या घशाला काही झालंय का? गाणाऱ्या माणसाचा घसा म्हणजे सुताराचा हात. असेल ते खरं सांग. मी घाबरणारी नाही, पण अंदाज करत बसले की मला झोप लागत नाही.

तेल आहे.

आई


२ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

त्याचा घसा ठणठणीत आहे, शपथ. मालिकेचं चित्रीकरण सकाळपासून असतं, तिथून तो थेट तालमीला येतो. पत्र लिहिलं तेव्हा तो घरी नव्हता आणि मला ते टाकायची घाई होती. कोपऱ्याचं एवढंच.

तालमीतली एक गंमत सांगते. दुसऱ्या अंकात थंडीचा प्रवेश आहे. दोघं पाठीला पाठ लावून बसतात, अंगावर एकच चादर. आम्ही बसलो आणि त्यानं चादरीचा मोठा भाग माझ्या बाजूला ओढला, आणि स्वतःचे पाय माझ्या पायांखाली सरकवले. बाईंनी तालीम थांबवली. म्हणाल्या, "हे मी सांगितलं नव्हतं. कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "आमच्या खोलीनं." सगळे हसले. मला मात्र एकदम ती खिडकी आठवली, जिच्या फटीत तुम्ही जुन्या साडीच्या चिंध्या कोंबायचात, आणि तरी वारा यायचा तो यायचाच. त्या दिवसांत आपण तिघं किती हसायचो. कशाला हसायचो, ते आठवत नाही.

तिसरा अंक अजून तसाच आहे. पेटीवाला म्हणतो, काळजी करू नका, प्रेक्षक आले की सगळं आपोआप येतं. तो प्रत्येक नाटकाच्या वेळी असंच म्हणतो, त्यातली निम्मी पडलीत.

तुमची
टिटवी


२० फेब्रुवारी

टिटवे,

घसा ठणठणीत, मग कोपरा कोरा का? म्हणजे तो माझ्यावर रागावलाय. मला वाटलंच. मागे आला होता तेव्हा मी म्हटलं होतं, "मालिकेत तू आईशी, बायकोशी आणि वकिलाशी एकाच चेहऱ्यानं बोलतोस." खरं ते बोलले. त्यानं हसून सोडलं, पण पुरुषांचं हसणं वरचं असतं.

तेव्हा मी येतेच. पहिल्या प्रयोगाला येणार आणि आठ दिवस राहणार. त्याची समजूतही काढते आणि नाटकही बघते. ऐकू फारसं येणार नाही, पण पदं मला पाठ आहेत, तोंडं हलताना दिसली की पुरे. पुढच्या रांगेत बसवा. तुम्ही दोघं स्टेशनवर धावत येऊ नका, एकानं आलं तरी चालेल. नर्सबाई गाडीत बसवून देईल.

माझ्यासाठी काही विशेष करू नकोस. मी तुमची पाहुणी नाही.

आई


२६ फेब्रुवारी

आई, जरूर या.

तो रागावलेला नाही. तुमचं वाक्य मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "आईचं बरोबर आहे, चेहरा एकच आहे." स्टेशनवर तोच येईल. आतली खोली तुमच्यासाठी लावून ठेवली आहे. इथे सगळं नेहमीसारखंच.

टिटवी


१९ मार्च

टिटवे,

सुखरूप पोचले. नर्सबाई न्यायला आली होती. गुडघे गाडीत आखडले होते, आता बरे आहेत. तू दिलेली शाल गाडीत उपयोगी पडली.

पोचल्यापासून लिहू की नको करतेय. लिहितेच.

पहिल्या सकाळी तो चहा करायला उठला. मला कौतुक वाटलं. मग बघते तर त्यानं साखरेसाठी वरचं कपाट उघडलं, मग बाजूचं, मग खालचं. साखर त्याच्या नाकासमोर ओट्यावर होती. म्हटलं, असेल, पुरुष माणूस. पण न्हाणीघरात त्याचा ब्रश कोरा करकरीत. आणि कपाटात चार शर्ट, चारही इस्त्रीचे, पाहुण्यानं बॅगेतून काढून टांगावेत तसे. घरात राहणाऱ्या माणसाचा एक तरी शर्ट खुर्चीवर पडलेला असतो गं.

आणि दोघं एकमेकांशी काय गोड बोलत होतात. "जरा मीठ देतोस का?" "हो, हे घे ना." छापखान्यावरच्या खोलीत तुम्ही मीठ असं कधी मागितलं नव्हतं. तिथे मिठाचा डबा या हातातून त्या हातात उडत यायचा.

बहिऱ्या माणसाला लोक आंधळंही समजतात. त्याचा मला बरा उपयोग होतो.

तरी मी मनाला समजावत होते. मग प्रयोग झाला. पदं मला विहिरीतून यावीत तशी येत होती, शब्द नाहीतच. मी नुसती बघत होते. तिसऱ्या अंकात तू पाणी भरत होतीस आणि तो मागून आला. तू मान वर करून त्याच्याकडे बघितलंस. माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून रडत होती, कारण नावाडी आणि त्याची बायको पुन्हा भेटली. मी पण रडले. पण मला दिसलं ते वेगळंच होतं. मला वाटलं, ही दोघं एकमेकांचा निरोप घेताहेत.

निघताना स्टेशनवर मी त्याला विचारलं, "राहतोस कुठे?"

"आई, गाडी सुटेल."

"गाडीला वेळ आहे."

तो थोडा वेळ माझ्या पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिला. मग स्टुडिओजवळच्या जागेचा पत्ता सांगितला. पुढे मी विचारलं नाही. बाकीचं मला तुझ्याकडून ऐकायचंय.

मी चिडलेली नाही. म्हणजे चिडले होते, आठ दिवस मला बाहुलीसारखं नाचवलंत म्हणून. पण डब्यात समोरच्या बाईनं तिच्या सुनेची गाऱ्हाणी सुरू केली, ती उतरेपर्यंत संपली नाहीत. ते ऐकता ऐकता माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही. तिचा आवाज दणदणीत होता, सगळं ऐकू आलं.

लिही.

आई


२८ मार्च

आई,

तुमचं पत्र दारातच उभं राहून वाचलं. चप्पलसुद्धा काढली नव्हती. मी त्याला सांगितलं होतं, तुझ्या आईला कळेल. तो म्हणाला, "आठ दिवसांचं तर नाटक, आपला धंदाच आहे." आपल्या धंद्याचा आपल्याला फार गर्व असतो.

गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही वेगळे राहतो. का, ते तुम्ही विचारणार, आणि मला सांगण्यासारखं काही नाही, हीच पंचाईत आहे. तो वाईट वागला नाही. मीही नाही. दुसरं कुणी नव्हतं. त्याला काम मिळायला लागलं, माझ्याकडे शिकणाऱ्या मुली वाढल्या, हे तळमजल्याचं घर झालं, दोघांना दोन दिवे, दोन टेबलं. एकदा जेवताना मी म्हटलं, "आज उशीर झाला?" तो म्हणाला, "हो." मग दोघं बसून त्याची मालिका बघितली. तिच्यात तो पुष्कळ बोलत होता.

हाल होते तेव्हा आम्ही कायम एका बाजूला असायचो. दुसऱ्या बाजूला थंडी, घरमालक, वेळेवर पैसे न देणारे नाटकवाले, आणि क्वचित तुम्ही. रोज कुणाशी तरी दोघांनी मिळून झुंजायचं असायचं. ते सगळे एकेक करून निघून गेले आणि समोरासमोर आम्हीच उरलो. मग एक दिवस तो म्हणाला, "मला तुझी सवय आहे. पण हल्ली मी तुझी वाट बघत नाही." मला खूप राग यायला हवा होता. मी शोधला, सापडला नाही. कारण मीही बघत नव्हते.

नाटक ठरलं ते त्यानंतर. नाही म्हणणं सोपं होतं, दोघांनीही म्हटलं नाही. ती पदं आम्ही त्या खोलीत शिकलो होतो, ती दुसऱ्या कुणाबरोबर म्हणायची कल्पना तेव्हा सहन झाली नाही.

आणि तुम्ही बघितलंत ते खरं आहे. त्या दिवशी तिसरा अंक जमला. घरी आठवडाभर आम्ही नवरा-बायकोचं सोंग करत होतो, मीठ मागत होतो. रंगमंचावर आलो आणि सोंग संपलं. तिथे आम्ही दोन परकी माणसं होतो, जी पूर्वी कधीतरी एकत्र उपाशी राहिली होती. त्याच्याकडे बघितलं तेव्हा मला सगळं आठवलं, तो पोरगेला चेहरा, कुडकुडणारे पाय, आणि त्याच क्षणी हेही कळलं, की आठवतंय म्हणजे ते झालं, संपलं. बाई विंगेत येऊन मला मिठी मारून म्हणाल्या, "आली बघ ओळख."

पावसाळ्यापूर्वी आम्ही कागदांवर सह्या करणार आहोत. भांडण नाही, वकीलही एकच.

तुमच्यापासून का लपवलं, ते लिहिते आणि थांबते. त्याच्यापासून वेगळं होणं मी सोसलं, ते जमलं. पण माझी आई मी परकरात असताना गेली. त्यानंतर "आई" असं कागदावर लिहिलं ते तुम्हाला, आणि तो हक्क मला त्याच्यामुळे मिळाला होता. तो गेल्यावर तुम्हाला काय म्हणून पत्र लिहायचं, हे मला कळेना. म्हणून जितके दिवस निभतंय तितके दिवस निभवलं.

टिटवी


२१ जून

टिटवे,

मला उत्तराला उशीर झाला. तू काय काय समजून बसली असशील, ते मला माहीत आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशीच लिहायला बसले होते. पहिल्या कागदावर तुला बोलले, दुसऱ्यावर त्याला. तिसऱ्यावर तुझ्या सासऱ्यांना, की तुम्ही बरे घोरत पडलात, मला एकटीला हे बघायला ठेवून. तिन्ही फाडले. मग लिहायचंच राहिलं.

मला वाईट वाटतं, हे तुला सांगते, पण तू ते धरून बसू नकोस. तुमच्यासारखी जोडी मी पाहिली नव्हती. नाटकात लोकांना नावाड्याचं दुःख बघून रडू येतं, पण मला विचारशील तर त्या दोघांचं पडदा पडेपर्यंत बरं चाललं होतं. पुढे त्याला नवी नाव मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, मग काय झालं ते लिहिणाऱ्यानं लिहिलंच नाही. त्यालाही माहीत नसेल.

काय म्हणून पत्र लिहू, म्हणतेस. आत्तापर्यंत काय म्हणून लिहीत होतीस? आणि टिटवी हे नाव मी ठेवलंय, त्यानं नाही. कोर्टाच्या कागदावर ते नसणार.

आता इकडचं. नर्सबाईची बदली झाली. तिच्या जागी जे आलेत ते दाराला आतून कडी लावून राहतात. एकदा मी गॅसवर दूध विसरले, कुणी हाका मारत होतं म्हणे, मला कुठलं ऐकू येतंय. तो आला आणि मला त्याच्या जागेवर घेऊन आला. इथून लिहितेय. उंच इमारत आहे, लिफ्ट आहे, गॅलरीतून अख्खं शहर दिसतं, माणूस मात्र दिसत नाही. तो फार करतो माझं. औषधं डबीत वारांप्रमाणे लावून जातो. सकाळी जातो, रात्री येतो, दमलेला असतो. दिवसभर मी आणि फ्रिज. फ्रिज गुणगुणतो म्हणतात, मला तेही कळत नाही.

एक गोष्ट लिहू की नको झालंय. त्याच्या स्टुडिओत काम करणारी एक बाई इथे येते. चित्रफिती जोडण्याचं काम करते. शांत आहे, माझ्यासमोर बसून ओठ नीट हलवून बोलते, म्हणजे मला समजावं. मी तिच्यात खोट काढायला बसले होते. निघाली नाही. मला ती आवडली, आणि हे लिहिताना मला तुझ्या पाठीमागे काही केल्यासारखं वाटतंय.

नाटक चालू आहे का? तो सोडून आला म्हणाला. मग तुझ्यासमोर नावाडी कोण? बरा आहे का?

आई


२ जुलै

आई,

आज प्रयोग नाही, म्हणून निवांत लिहितेय. सकाळी तुमचं पत्र आलं तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच ठेवून वाचलं, त्यामुळे तुमच्या पत्राला आता कणीक लागली आहे.

त्या बाईंबद्दल त्यानं मला आधीच सांगितलं होतं. सह्या करून बाहेर पडलो, समोरच्या दुकानात चहा घेतला, तेव्हा. फार चाचरत होता. मी म्हटलं, "अरे, नीट सांग, चेहरा बदल जरा." मग दोघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. घरी येऊन दोन दिवस शिकवणीच्या मुलींना सुट्टी दिली. पण ती चांगली आहे, तुम्हाला ती आवडली याचा मला राग नाही, आणि हे मी समजूत घालायला लिहीत नाही.

नवा नावाडी उंच आहे, पूर्वी बँकेत होता, आवाज गोड. पाठीला पाठ लावून बसलो की दचकतो आणि सगळी चादर स्वतःकडे ओढतो. बाई कपाळाला हात लावतात. मला पहिल्या प्रयोगाला धास्ती होती, की लग्नातलं पद याच्याबरोबर कसं म्हणणार. सुरू केलं आणि लक्षात आलं, पद चांगलंच आहे. आम्ही दोघं शिकलो त्याच्या कितीतरी आधीपासून लोक ते म्हणताहेत. त्याच्यापुरतं ते राखून ठेवायचं कारण नाही. लोक रडले, पेटीवाला पुन्हा बाहेर जाऊन आला.

आता मुख्य. आई, तुमची आतली खोली मी तशीच ठेवली आहे. तळमजला आहे, गुडघ्यांना पायऱ्या नाहीत. खिडकीसमोर रस्ता आहे, चांभार बसतो, शाळेतली मुलं जातात, माणसं दिसतात. दुपारी शिकवणीच्या मुली येतात आणि इतक्या बेसूर गातात, की या घरात ऐकू न येणं हा गुणच समजला जाईल. प्रयोगाच्या दिवशी मला घरी यायला उशीर होतो, पण वरच्या मजल्यावरची शिक्षिका तुमच्या सोबतीला थांबेन म्हणाली आहे. तिला कुणीतरी पत्ते खेळायला हवंय.

मी तुमच्या लेकाशी बोलले. आधी त्याला वाटलं मी टोमणा मारतेय. मग म्हणाला, "पण ती माझी आई आहे."

मी म्हटलं, "हो, तुझीच आहे. तू दर रविवारी जेवायला ये. त्या बाईंनाही घेऊन आलास तरी चालेल, पण पहिल्या रविवारी नको."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना नाटकाची तिकिटं दे."

मग म्हणाला, "आईला विचार. तिला आवडलं तर सामान मी आणून देतो." आवाज जरा भरला होता त्याचा, घसा मात्र ठणठणीत आहे.

म्हणून विचारते. भीड म्हणून नको, माझी कीव येऊन तर नकोच. मला घरात कुणीतरी रागावणारं हवंय. तुम्हाला जमणार असेल तर शनिवारी या. दुपारी मी शिकवणीत असेन, म्हणून बेल वाजवत उभ्या राहू नका. ती वाजली की नाही ते तुम्हाला समजायचं नाही, आणि मुलींच्या आवाजात मलाही ऐकू यायची नाही. दार लोटून सरळ आत या.

टिटवी